माझ्या नावावरचे सत्त्याऐंशी

भगवान कोळेकर कुठेही बसायच्या आधी वर बघायचा. हॉकर सेंटरच्या खाऊबाजारातली खुर्ची असो, एमआरटी मेट्रोच्या स्टेशनचा बाक असो की झाडाखालचा दगड, आधी मान मागे आणि नजर वर. डोक्यावर काय लटकतंय, ते कशाला बांधलंय, बांधणाऱ्याने घाई केली होती का, हे सगळं तपासून मगच बूड टेकायचं. मी त्याला पहिल्यांदा कॉफी पाजली, तेव्हा वरच्या पंख्याकडे तो इतका वेळ बघत राहिला की शेजारच्या टेबलावरची आठ माणसं आपापले कप घेऊन उठून गेली.

आठ नसतील. दोन असतील. मी जरा वाढवून सांगतो. माझी बायको मेघना माझ्या प्रत्येक गोष्टीतून साठ टक्के वजा करते आणि उरेल ते शेजाऱ्यांना विचारून घेते. रॅफल्स प्लेसला बँकेत माझ्या हाताखाली काम करणारी पोरंसुद्धा "अवधूतसर म्हणतात म्हणजे..." एवढंच म्हणून थांबतात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. खरं जसंच्या तसं सांगायचं असतं तर देवाने माणसाला जीभ कशाला दिली असती, नुसता स्कॅनर दिला असता. पण भगवानबद्दल लिहायला बसलो की माझी जीभ अडते. बाकीच्या गोष्टी मी मान वर करून सांगतो; ही तशी सांगता येत नाही.

भगवान जत तालुक्यातला. इथे परदेशात परांची बांधायचा. नवीन इमारत उठायच्या आधी तिच्याभोवती लोखंडी नळ्यांचा जो पिंजरा उभा राहतो, ती परांची. वीस मजल्यांवर उभं राहून पुढची नळी जोडणारा हा माणूस जमिनीवर मात्र बिचकत चालायचा. "वर सगळं मी बांधल्यालं असतंय सायेब," तो म्हणायचा. "खाली कुनी काय बांधून ठिवलंय, कुनाला ठावं?"

त्याची-माझी भेट झाली आठ वर्षांपूर्वी, पुंगोलला. आम्ही तेव्हा नुकतेच तिथे राहायला आलो होतो. एका रविवारी दुपारी मेघनाने मला दूध आणायला पाठवलं. एलआरटीच्या, म्हणजे पुलावरून धावणाऱ्या छोट्या मेट्रोच्या, मार्गापलीकडे मोकळं गवताळ मैदान होतं. तिथून आरडाओरडा ऐकू आला म्हणून वळलो, तर समोर चक्क क्रिकेट. माझ्या डोळ्यांदेखत एका काळ्या, काटक माणसाने चेंडू असा काही उचलला की तो एलआरटीच्या रुळांवरून पलीकडे गेला आणि जाता जाता डब्यातल्या एका चिनी आजीबाईंनी खिडकीतून हात काढून झेल घ्यायचा प्रयत्न केला. एलआरटीच्या खिडक्या उघडत नाहीत हे मला माहीत आहे. माझ्या गोष्टीत उघडतात. षटकार मात्र खरा होता.

मी न राहवून ओरडलो, "अरे काय मारलाय रे!"

तो काटक माणूस बॅट खांद्यावर टाकून माझ्याकडे बघत म्हणाला, "मराठी का वो? मग हुबं काय ऱ्हाताय, चेंडू आना की तिकडनं."

मी पिशवीसकट चेंडू आणायला धावलो. दूध त्या दिवशी घरी आलंच नाही.

ती एक अख्खी लीग होती. आठ संघ, आणि तेही कामाप्रमाणे पाडलेले: परांचीवाले, वेल्डर, फरशीवाले, क्रेनवाले, रंगारी, असे. तमिळ, बंगाली, पंजाबी, तेलुगू, आणि आख्ख्या आठ संघांत मराठी एकटा भगवान. लीगचा संस्थापक, सचिव, परांचीवाल्यांचा कप्तान आणि मैदानातले खड्डे बुजवणारा, सगळं तोच. चेंडू टेनिसचा, त्यावर वायरमनची काळी टेप. सामन्यांचं वेळापत्रक आणि धावफलक एकाच प्लायवूडच्या फळीवर, सुताराच्या पेन्सिलीने. आणि चषक म्हणजे एक जुनं सेफ्टी हेल्मेट, सोनेरी रंग मारलेलं.

ती लीग का होती, हे सांगणं भाग आहे. आमचीही एक लीग होती, अजून आहे. तिचं नाव इथे लिहीत नाही. हिरवळ, पांढरे कपडे, लेदरचा चेंडू, धावा मोबाइलवर चेंडूगणिक नोंदवायचं अॅप. त्या लीगच्या नियमावलीत सातवा नियम असा होता की खेळाडू नागरिक असावा, कायम रहिवासी असावा किंवा पांढरपेशांच्या एम्प्लॉयमेंट पासवर असावा. म्हणजे वर्क परमिटवर बांधकामात आणि बंदरात राबणाऱ्यांना दार बंद. का, असं विचारलं तर कोणी विम्याचं कारण सांगायचं, कोणी मैदानाच्या कराराचं. मी ऐकीव सांगतोय. मी स्वतः कधी कोणाला विचारलंच नव्हतं. सहा वर्षं त्या लीगमध्ये खेळलो आणि सातवा नियम वाचून पान उलटत राहिलो.

भगवानने विचारलं होतं. एकटा, बस बदलत, डोक्यावर तेल चापून आमच्या मैदानावर गेला होता. फाटकावरच्या माणसाने परमिटचं कार्ड मागितलं, पाहिलं, परत दिलं. "त्याचं काय चुकलं न्हाई," भगवान म्हणायचा. "कार्ड बघायचंच काम हाय त्याचं. पर चेंडू कुनाचं कार्ड बघत न्हाई सायेब. चेंडूला फकस्त बॅट दिसती." म्हणून त्याने स्वतःची लीग काढली.

त्या लीगची एक रीत मी आयुष्यात विसरणार नाही. बरोबर पाच वाजता कामगारांना त्यांच्या वस्तीला, डॉर्मिटरीला परत नेणारी लॉरी यायची. पाच म्हणजे पाच. सामना अर्धवट असला की भगवान हात वर करायचा: "खेळ थांबतोय, लॉरी थांबत न्हाई." मग प्रत्येक जण जिथे उभा असेल तिथे, पायाशी विटेचा एक तुकडा ठेवायचा. दोन्ही फलंदाज, गोलंदाज, स्लिपमधला, सीमारेषेवरचा, सगळे. पुढच्या रविवारी येऊन जो तो आपापल्या विटेवर उभा राहायचा आणि सामना त्याच चेंडूपासून पुढे सुरू. एकदा एक चेंडू उंच उडाला, खाली वेल्डरांचा खेळाडू हात पसरून उभा, आणि तेवढ्यात भोंगा वाजला. चेंडू झेलला तो पुढच्या रविवारी, असं मी सगळीकडे सांगतो. वजा करा. पण विटा खऱ्या होत्या. मी मोजल्या आहेत, तेरा फुटक्या विटा गवतात, आठवडाभर, आणि त्यांना कोणी हलवायचं नाही.

दर रविवारी मी तिथे जाऊ लागलो. पंच झालो, भगवानच्या हातची लसणाची चटणी खाल्ली, त्याच्याकडून फटके शिकायचा प्रयत्न केला. "आदी हुबं कुटं ऱ्हायचं ते बगा," तो मला सांगायचा, "मारायचं कुटं ते मागनं. तुमचं उलटं हाय. तुमी आदी टाळ्या ऐकताय." इतकं नेमकं मला आजवर कोणी ओळखलेलं नाही, माझ्या आईनेही नाही. आणि तरीही, सांगायला लाज वाटते, त्या वर्षभरात मी त्याला एकदाही घरी बोलावलं नाही. बिशानला आमच्या मंडळींचा गणपती झाला, तेव्हाही नाही. 'तो कामावर असेल' असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं. रविवार होता.

आमच्या संघाचं त्या सुमारास जे चाललं होतं त्याला क्रिकेट म्हणणं क्रिकेटचा अपमान. एकदा तर पावसामुळे सामना रद्द झाला तरी आम्ही हरलो. शेवटच्या सामन्यात हरलो असतो तर खालच्या गटात गेलो असतो. आमचा कप्तान किरण मोठा अकाउंटंट. खालचा गट म्हणजे त्याला वैधव्य. आणि त्याच आठवड्यात मी पाय मुरगाळून बसलो. कसा, ते लोकांना वेगवेगळं सांगितलंय. खरं कारण, सोसायटीच्या कार्यक्रमात लेझीम.

त्याच आठवड्यात भगवानच्या मैदानावर पाटी लागली. महिन्याभरात कुंपण, मग इमारत. भगवान माझ्याकडे एक कागद घेऊन आला. आमच्या लीगच्या कमिटीला अर्ज. इंग्रजी बेतास बात, पण मुद्दा सरळ: तुमची मैदानं रविवारी दुपारी तीननंतर रिकामी असतात, आम्हाला त्यातलं एक द्या, आम्ही साफ ठेवू, आणि जमलं तर सातव्या नियमाचा विचार करा. खाली आठ कप्तानांच्या सह्या, चार लिप्यांत.

"तुमी त्येंच्यातलं हाय," तो म्हणाला. "तुमच्या हातनं दिला तर वाचतील."

तिथेच तो कागद घेऊन मी सरळ कमिटीकडे गेलो असतो तर हे व्यक्तिचित्र आनंदाचं झालं असतं. पण साधं काही केलं तर मी कसला. माझ्या डोक्यात कथानक शिजलं. मी म्हणालो, "भगवान, अर्ज नुसता दिला तर ड्रॉवरमध्ये जातो. आधी त्यांना खेळ दाखवू. रविवारी तू आमच्याकडून खेळ, माझ्या नावावर, माझ्या जर्सीत. शेवटचा सामना आहे, सगळी कमिटी हजर असते. तू सामना काढ. बक्षीस द्यायला बोलावलं की मी माइकवर जाऊन सांगतो, हा मी नाही, हा भगवान कोळेकर, परांचीवाला, वर्क परमिट. आणि हा त्याचा अर्ज. सगळ्यांसमोर नाही म्हणायची कोणाची छाती आहे?"

भगवानने वर बघितलं. आम्ही उघड्यावर उभे होतो, वर आभाळाशिवाय काही नव्हतं, तरी बघितलं.

"चोरून खेळायचं आन् मग सांगायचं?"

"सांगायचं म्हणजे काय, गाजवायचं!"

"सांगशील नव्हं नक्की?"

पहिल्यांदा आणि शेवटचं त्याने मला एकेरीत विचारलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "गणपतीची शपथ." ज्या गणपतीला त्याला बोलावलं नव्हतं, त्याचीच.

रविवारी माझी जर्सी त्याच्या अंगावर चढली. पाठीवर माझं नाव, इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. पंच रांगेत उभ्या असलेल्या आमच्या अकरा जणांकडे एक नजर टाकून यादीवर टिक करत गेले. आम्ही सगळे त्यांना एकाच साच्यातले दिसत असणार. मी टोपी नाकापर्यंत ओढून पाण्याच्या ड्रमामागे बसलो.

पुढे जे घडलं ते मला वाढवता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांसमोर असं काही घडलं ज्यात मला घालायला काही उरलंच नाही. एकशे त्रेपन्न हवे होते, आमचे चार गडी वीसमध्ये गेले, आणि हेल्मेटच्या जाळीआड तोंड झाकून भगवान आत आला. लेदरचा चेंडू तो आयुष्यात दुसऱ्यांदा खेळत होता. ("पैल्यांदा जतला खेळलो, दात पडला.") त्याने खेळपट्टी बुटाने ठोकली, वर बघितलं आणि उभा राहिला. पहिला चेंडू सोडला. दुसरा सोडला. तिसरा झाडांच्या वरून गेला. चव्वेचाळीस चेंडूंत सत्त्याऐंशी, नाबाद. शेवटची धाव त्याने पळून काढली आणि पलीकडे पोचल्यावर प्रतिस्पर्ध्यांच्या यष्टिरक्षकाची सुटलेली पट्टी बघून म्हणाला, "बांधून घ्या, पडशीला." मराठीतच. तो श्रीलंकेचा होता, त्याने मान डोलावली.

बक्षीस समारंभाआधी आम्ही दोघं प्रसाधनगृहात शिरलो. त्याने जर्सी काढून माझ्या हातात दिली. घामाने निथळत होती. मी ती अंगात घातली. दुसऱ्या माणसाचा घाम आपल्या अंगाला लागला की कसं वाटतं, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आधी गार वाटतं. मग आपल्याच अंगाच्या उष्णतेने तो कोमट होतो आणि आपला वाटायला लागतो.

दारातच किरणने मला गाठलं. "अवध्या, तू काही बोलणार नाहीयेस ना?"

"बोलणार आहे. ठरलंय."

"वेडा आहेस का? पॉइंट्स जातील. दोन वर्षं बॅन. आपल्या अकराच्या अकरा जणांवर. त्याला द्यायचं ते देऊ ना आपण, बूट देऊ, किट देऊ. अर्ज काय, पुढच्या मीटिंगमध्ये देता येईल."

मी जर्सीची कॉलर सरळ केली. माझं नाव पुकारलं गेलं.

मी माइक हातात घेतला. अर्ज पँटच्या मागच्या खिशात होता, चार घड्या. समोर दीडशे माणसं. पाचशे नव्हे, दीडशेच, मुद्दाम खरा आकडा देतोय. भगवान तंबूच्या कडेला, स्वतःच्या साध्या शर्टात उभा होता. माझ्याकडे बघत होता. आणि टाळ्या सुरू झाल्या.

त्याने मला सांगितलं होतंच, तुमी आदी टाळ्या ऐकताय.

मी बोललो. चांगलं चार मिनिटं बोललो. पहिले दोन चेंडू का सोडले ते सांगितलं. तिसरा कसा दिसला ते सांगितलं. लोक हसले, लोकांनी शिट्ट्या मारल्या. प्रत्येक वाक्याला मला वाटत होतं की पुढच्या वाक्यात सांगू; आणि प्रत्येक वाक्य 'मी'ने सुरू होत होतं. शेवटी म्हणालो, "याचं श्रेय सगळ्या टीमला." पदक गळ्यात पडलं.

भगवानने टाळ्या वाजवल्या. मग तो वळला, तंबूचा एक खांब कलला होता त्याचा दोर सोडून पुन्हा आवळला, हलवून पाहिला आणि बसस्टॉपकडे चालू लागला. तो म्हणायचा, गाठ दोनदा बघायची, एकदा आपल्या डोळ्यानं, एकदा खालनं जाणाऱ्याच्या डोळ्यानं. माझ्या भाषणाखाली उभा असलेला एकटा माणूस तो होता.

घरी आलो. मेघनाने अॅपवर धावफलक पाहिला होता. चेंडूगणिक नोंद, माझ्या नावासमोर. मी थोडक्यात सांगितलं, जेवलो. ती हसून म्हणाली, "आज काही वजा करायला जागाच नाही रे." लग्नाला चौदा वर्षं झाली होती.

पुढच्या रविवारी मी मैदानावर गेलो नाही. पाय दुखत होता. त्याच्या पुढच्याही नाही. पाय मी चांगला राबवून घेतला. एकदा पुढच्या मीटिंगचा निरोप आला, मी अर्ज खिशात घालून गेलो आणि खिशात घालून परत आलो. विषयपत्रिकेत 'इतर विषय' असं होतं, अध्यक्षांनी दोनदा विचारलं, "इतर काही?" किरण माझ्याकडे बघत होता. मी पाणी प्यालो.

दोनेक महिन्यांनी भगवानच घरी आला. बोलावलं नव्हतं, खाली ब्लॉकच्या मोकळ्या जागेत उभा राहून फोन केला. मी खाली गेलो. त्याच्या हातात पिशवी होती. त्यात माझी दुसरी जर्सी, सरावासाठी त्याला दिलेली. धुतलेली, इस्त्री केलेली, नाव वर येईल अशी घडी घातलेली.

"गावाकडं चाललोय. परमिट संपलं. म्हातारीचंबी बरं न्हाई."

मी विचारलं, "फायनल कोण जिंकलं?"

"न्हाई झाली. परांची आन् वेल्डर. चार चेंडू, सा धावा ऱ्हायल्या आन् लॉरी आली. विटा ठिवल्या. पुढच्या रईवारी गेलो तर पत्र्याचं कुंपण." त्याने पिशवी माझ्या हातात दिली. "मंग कामबी तितंच मिळालं बगा. पैली परांची मीच बांदली. विटा तशाच हुत्या गवतात. म्हटलं, दुसऱ्या कुनी बांदली तर त्याला काय कळनार क्रीज कुटं हुतं ते."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. त्या चार चेंडूंसाठी आमचं एक मैदान, एका रविवारी, वीस मिनिटं. एवढंच मागायचं होतं. तेही मी मागितलं नव्हतं. मी म्हणालो, "भगवान, त्या दिवशी... ते माइकवर... मला वाटलं होतं की..."

त्याने वर बघितलं. बारा मजले सिमेंट. समाधान झालं असावं.

"लई भारी खेळला त्या दिशी तुमी, सायेब," तो म्हणाला.

त्याच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. सात वर्षं शोधतोय. तो चेहरा साधा होता. त्याने नमस्कार केला आणि गेला. एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गावचा फोन नंबर लिहून पिशवीत ठेवला होता, तो मला रात्री जेवताना सापडला.

मी काय केलं? मी ती खेळी सांगत राहिलो. पार्ट्यांत, ऑफिसात, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना. सत्त्याऐंशीचे एकशे दहा झाले, मग एकशे तीस. चव्वेचाळीस चेंडूंचे तीस. गंमत बघा, आकडे मी वाढवत होतो, म्हणजे लोकांना वाटावं की ही माझ्या नेहमीच्या थापांतलीच एक. चोरी लपवायला मी थापेची चादर वापरली.

यंदाच्या गणपतीत बिशानला जेवणं झाल्यावर कोणीतरी फर्माईश केली, "अवधूतकाका, ती मॅच सांगा!" एक कॉलेजातली मुलगी इथल्या इंग्रजीच्या ढंगात म्हणाली, "अंकल, एकशे तीसवाली lah!" समोर बाप्पा बसलेला. त्याचीच शपथ घेतली होती. काय झालं कोण जाणे, मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. जर्सी, प्रसाधनगृह, घाम, माइक, खिशातला अर्ज, विटा, भगवान कोळेकर. न वाढवता.

खोली भरून हसली. लोकांनी पोट धरलं. "विटा ठेवायचे! काय पण डोकं आहे काकांचं!" "ह्या वर्षीचं व्हर्जन बेस्ट!" मी किरणकडे पाहिलं. त्याला माहीत होतं. त्या खोलीत त्या दिवशीचे आमच्यातले पाच जण होते. किरण मोदकाची कळी मोडत म्हणाला, "अवध्या, तुझ्या थापा आता थोर होत चालल्यात रे," आणि सगळ्यांत मोठ्याने हसला. बाकीचे चौघे ताटात बघत होते.

परत येताना एमआरटीत मेघना खिडकीबाहेर बघत होती. तीन स्टेशनं गेल्यावर म्हणाली, "खरं होतं ना ते?"

"हो."

"मला तेव्हाच कळायला हवं होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी तू गोष्ट लहान सांगितली होतीस."

मग हात पुढे करून तिने विचारलं, "अर्ज कुठाय?"

अर्ज कपाटात होता, जर्सीच्या घडीत. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावरच्या नंबरावर फोन लावला. तो नंबर आता अस्तित्वात नाही. मग अर्ज घेऊन कमिटीच्या आताच्या सचिवाकडे गेलो. तरुण पोरगा, सभ्य. त्याने कागद उलगडला, चार लिप्यांतल्या सह्या पाहिल्या.

"ही लीग कुठे खेळते?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"आता नाही खेळत. एकच मोसम चालली."

"मग अर्ज कशासाठी?"

मी सह्यांवर बोट ठेवलं. मग त्याला विचारलं, अॅपवरचं माझं नाव काढून दुसरं घालता येईल का. तो म्हणाला, जुने मोसम बंद केलेत सर, त्यात बदल होत नाही. सातव्या नियमाचं विचारलं. तो म्हणाला, तो अजून आहे. यावेळी मी विचारलं, का? त्याने सांगितलं, विमा असेल, बघून सांगतो. मी दर सोमवारी त्याला फोन करतो. अजून बघतोय तो.

भगवानच्या मैदानावर आता सोळा मजले उभे आहेत, खाली पोरांची घसरगुंडी आहे. तिथून जाताना मी वर बघत नाही. खाली बघत जातो. विटा दिसत नाहीत.

म्हणून हे लिहिलं. मला ओळखणारे हेही वजा करूनच वाचतील, आणि तो त्यांचा हक्क आहे. मीच त्यांना ती सवय लावली. तर करा वजा. आजीबाईंचा हात काढून टाका, आठ कप काढा, हवा तर माझा पश्चात्तापही साठ टक्के कमी करा. फक्त एका ओळीला हात लावू नका. ती माझी नाही.

भगवान कोळेकर, परांचीवाले. सत्त्याऐंशी. नाबाद.